नाडीबरोबर, श्वासाबरोबर की हाताबरोबर? पेसमेकर तपासणाऱ्या ताईंना आभारपत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

छातीत पेसमेकरचं मशीन बसवलेल्या पेशंटांच्या घरची आम्ही गोव्यातली माणसं; कोणी पेडण्याची, कोणी डिचोली-सत्तरीची, कोणी फोंड्याची. तुमचं नाव मुद्दामच घातलेलं नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे उपकार आहेतच, पण त्यांचं काम तास-दोन तासांत आटोपतं. पुढचे तीन महिने "हे काय होतंय?" असं विचारणारे फोन तुम्हाला येतात. हे पत्र त्या तीन महिन्यांसाठी.

पेशंट फक्त एवढंच सांगतो, "छातीत कायतरी होतंय." घरचे घाबरतात. तुम्ही मात्र मनगटावर बोटं ठेवायला सांगता आणि एकच प्रश्न विचारता: हे नाडीबरोबर होतं, श्वासाबरोबर होतं, की हात हलवल्यावर होतं? या प्रश्नाने अर्धं निदान होतं, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं.

हाताबरोबर दुखणारं बहुतेक जखमेचं असतं. कॉलरच्या हाडाखाली कातडीच्या आत छोटा खिसा करून २०–३० ग्रॅमचं टायटॅनियमचं मशीन ठेवलेलं असतं. तिथलं मांस तेवढं दुखणारच. काळंनिळं पडलेलं रक्त चार-पाच दिवसांत स्तनापर्यंत, कधी दंडापर्यंत उतरतं आणि माणसं हादरतात. ते वजनाने खाली सरकतं, मग हिरवट-पिवळं होऊन दोन-तीन आठवड्यांत जिरतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना डाग मोठा पडतो, पण म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. टाक्यांच्या कडेला बधिरपणा येतो कारण कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात. तो काही महिने राहू शकतो. किडकिडीत माणसाला मशीनची कड बोटाला लागते, त्यातही वावगं काही नाही. फक्त बोटाने ते फिरवत बसायची खोड लावून घ्यायची नाही. मशीन खिशातल्या खिशात गरगर फिरलं तर त्याच्यापासून हृदयात गेलेली वायर त्याच्याभोवती गुंडाळली जाते आणि हृदयातलं टोक सुटून येतं.

खिसा टणक, तापलेला, दिवसागणिक फुगणारा वाटला तर मात्र थांबायचं नाही. आणि इथे तुमची ती कडक ताकीद: गावात कोणी कितीही प्रेमाने "सुई घालून पाणी काढतो" म्हटलं तरी काढू द्यायचं नाही. सुईबरोबर जंतू आत गेले तर मशीनही काढावं लागतं आणि वायरीही. जखमेवर हळद, खोबरेल, पावडर, काही नाही. टाके कोरडे ठेवायचे, बहुधा दहा दिवस. गोव्याच्या दमट हवेत हेच सगळ्यात कठीण. घामाने पट्टीची कड सुटते, म्हणून पुढून बटणं असलेला सैल सुती शर्ट आणि दुपारी पंख्याखाली बसणं. हुमण, म्हणजे माशांची आमटी, खाल्लं की टाके पिकतात असं निम्म्या घरांत मानतात. तुम्ही हसून "खाऊ द्या" म्हणता, त्याबद्दल पेशंटांतर्फे वेगळे आभार.

आता नाडीबरोबर होणारं. इथे तुम्ही सगळ्यात जास्त वेळ देता. ब्लॉकमुळे, म्हणजे हृदयातला विजेचा संदेश अडल्यामुळे, महिनोन्महिने मिनिटाला ३५–४० ठोक्यांवर चाललेलं हृदय अचानक ६० वर येतं. डाव्या कुशीवर झोपलं की उशीत ठोके ऐकू येतात, कोणाला वाटतं मशीनच टकटक करतंय. मशीन आवाज करत नाही, तो ठोका स्वतःचाच.

नाडीच्या तालात बरगडीखाली पोट उडतंय किंवा उचकी लागून थांबत नाही, ही गोष्ट वेगळी. श्वासाचा पडदा हलवणारी नस हृदयाला लागूनच खाली जाते, आणि वायरच्या टोकातून जाणारा विद्युत्प्रवाह तिलाही टोचतो. सुरुवातीला मशीन मुद्दाम जास्त जोरावर, साधारण ३.५ व्होल्टवर ठेवतात, कारण पहिले काही आठवडे वायरच्या टोकाशी सूज असते आणि तेवढ्या काळात हृदयाला जागं करायला जास्त व्होल्ट लागू शकतात. सूज उतरली की तीन महिन्यांच्या चेकिंगला व्होल्ट खाली आणतात. बॅटरी वाचते आणि पुष्कळदा पोट उडायचंही थांबतं. पण नव्याने सुरू झालेली उचकी वायर सरकल्याचीही खूण असते, त्यामुळे "तीन महिन्यांनी बघू" चालत नाही. कुशी बदलली की थांबतं का, हे पाहून यायचं, म्हणजे तुम्हाला त्याच कुशीवर निजवून तपासता येतं. मशीनवरचाच स्नायू तालात फडफडत असेल तर प्रवाह मशीनच्या डबीवाटे बाहेर येत असतो. कधी तो सेटिंगचा प्रश्न असतो, कधी वायरच्या वेष्टनाला चीर असते किंवा मशीनमधला स्क्रू ढिला असतो.

एकच वायर असलेल्या काही पेशंटांच्या मानेत शीर थडथडते, थकवा येतो, उभं राहिलं की अंधारी येते. मशीन खालच्या कप्प्याला ठोका देतं तेव्हा वरचा कप्पाही आपल्या तंद्रीत आवळलेला असतो, मधली झडप बंद, मग रक्त उलटं मानेकडे ढकललं जातं. पेशंट याला "मशीन मानवलं नाही" म्हणतो. शब्द अगदीच चुकीचा नाही. फक्त उपाय सेटिंगमध्ये, नाहीतर दुसरी वायर घालण्यात असतो, हे कळायला हवं.

मधेच एक ठोका चुकल्यासारखा वाटतो, त्याचीही कारणं तुम्ही सांगून ठेवलीत. हृदयाने स्वतःहून एक ठोका लवकर टाकला की तो मनगटापर्यंत पोचत नाही. घरचे १५ सेकंद मोजून चाराने गुणतात, आकडा ५२ येतो आणि घरात रडारड. पूर्ण ६० सेकंद मोजायचे, दोनदा. काही मशीनांत रात्रीचा दर मुद्दाम ५० ठेवलेला असतो, काही मशीनं दिवसातून एकदा, बहुधा रात्री, आपली चाचणी आपणच घेतात आणि काही सेकंद ठोके निराळे वाटतात.

आणि आपली कदंब बस! खड्ड्यांतून हादरत जाणाऱ्या बसमध्ये बसल्याजागी ठोके ८०–९० वर का जातात, हे आम्हाला कोणी सांगितलं नसतं. नावात शेवटी 'आर' असलेल्या मशीनात, जसं डीडीडीआर, हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. अंग हललं की त्याला वाटतं माणूस चालतोय. पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसलात तरी तेच. याची दुसरी गंमत पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या पायऱ्यांवर कळते: चढताना दम लागतो तरी मशीन सुस्त, उतरताना काही कष्ट नाहीत तरी ठोके वाढलेले, कारण उतरताना अंगाला हादरे जास्त बसतात. त्रास होत असेल तर सेन्सरची धार कमी-जास्त करता येते. ते तुमचं दोन मिनिटांचं काम, पण सांगितल्याशिवाय तुम्हाला तरी कसं कळणार?

श्वासाबरोबर होणारं मात्र तुम्ही कधीच हलक्यात घेत नाही. खोल श्वास घेतला की सुरीसारखी कळ, उताणं झोपलं की जास्त, पुढे वाकून बसलं की कमी: वायरचं टोक हृदयाच्या भिंतीत खोल रुतून बाहेरचं आवरण चिडलेलं असू शकतं. शीर शोधताना सुई फुप्फुसाला लागली असेल तरीही श्वास अडतो. दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसांतल्या. त्यात चक्कर, घाम किंवा नाडी ठरवलेल्या दरापेक्षा खाली असेल तर फोन तुम्हाला नव्हे, १०८ ला. बेशुद्ध पडला तरी तेच. हात सुजून जड झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचं, मग ऑपरेशनला सहा महिने झालेले का असेनात.

हाताचं पथ्य तुम्ही इतकं नेमकं सांगता की चुकायला जागाच नाही. चार ते सहा आठवडे त्या बाजूचं कोपर खांद्याच्या वर नाही, ४–५ किलोपेक्षा जास्त वजन नाही, हिसका तर नाहीच. मग एकेक करून घरातली कामं समोर येतात. विहिरीची दोरी ओढणं सगळ्यात वाईट, कारण हात वर आणि हिसकाही. बसमध्ये वरचा दांडा धरणं. दोरीवर कपडे. दोन्ही हात मागे नेऊन अंबाडा घालणं. नारळ खवणं, त्यात खांदा सारखा पुढे-मागे घासतो. पण घाबरून हात गळ्यात बांधून ठेवला तर महिन्यात खांदा आखडतो आणि ते दुखणं मशीनपेक्षा जास्त छळतं. म्हणून बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं आणि खांदाही, फक्त खांद्याच्या उंचीपर्यंत. झोपताना दंडाखाली एक छोटी उशी. मे महिन्यात दर्यावर न्हायला जाणाऱ्यांनी खपली पूर्ण पडून जखम बुजेपर्यंत पाण्यात उतरायचं नाही.

विजेच्या वस्तूंची भीती तुम्ही दोन अंतरांत संपवलीत: मोबाइल आणि स्पीकर एक वीत लांब, इंडक्शनची शेगडी नि वेल्डिंग दोन हात लांब. मिक्सर, टीव्ही, फ्रिज खुशाल. मोपा-दाबोळीच्या विमानतळांवर तपासणीच्या दारातून नेहमीच्या चालीने जायचं, आत रेंगाळायचं नाही, आधी पेसमेकरचं कार्ड दाखवायचं आणि तपासणीची हातातली कांडी मशीनवर धरू नका म्हणायचं. गावोगाव चुंबकाच्या गाद्या विकणारे फिरतात, त्यांना उंबऱ्यावरूनच नमस्कार. फिजिओथेरपीत शेक देणारं डायथर्मी मशीन नको, एक्स-रे आणि सोनोग्राफी चालते, एमआरआय कार्ड बघून ठरतो.

चेकिंगच्या वेळी तुम्ही आधीच म्हणता, "आता काही सेकंद धडधडेल, मग जरा गरगरल्यासारखं होईल, मी इथेच आहे." किती व्होल्टला ठोका सुटतो ते बघायचं म्हणजे तो क्षणभर सुटणारच. सांगून केलं की पेशंट पलंगाची कड घट्ट धरत नाही. बॅटरी संपली की मशीन फट्कन बंद पडेल, ही शेवटची धास्ती. तुमचं उत्तर पाठ झालंय: साधारण ८ ते १२ वर्षं, आणि संपायच्या काही महिने आधी मशीन स्वतःच खूण देतं. वायरी ठीक असतील तर तेव्हा फक्त डबी बदलतात. ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोममध्ये ज्यांच्या शरीरात जगातलं पहिलं मशीन बसलं ते आर्ने लार्सन. ते काही तासच चाललं. पुढे बदलत बदलत त्यांना एकूण २६ मशीनं लागली आणि ते ८६ वर्षं जगले.

गणपतीची चवथ जवळ आली आहे. यंदा ज्यांच्या टाक्यांना अजून महिना झालेला नाही त्यांच्या घरी गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची माटोळी शेजारचे बांधणार आहेत. पेशंट खाली खुर्चीवर बसून फक्त सुपारीचे घोस कुठे टांगायचे ते सांगेल. हात खांद्याच्या वर जाणार नाही, शब्द देतो. नेवऱ्या (करंज्या) मात्र घेऊन येऊ, त्याला नाही म्हणू नका.

आपले ऋणी,
पेशंटांच्या घरची माणसं