सही करण्याआधी तुला विचारतेय

प्रिय शालू,

पाकीट फोडण्याआधीच शिव्या घातल्या असशील. तुझ्या दोन पत्रांची उत्तरं माझ्याकडे थकली आहेत, हे मला माहीत आहे. गुडघे तसेच, साखर आटोक्यात, आई ठीक. झालं तब्येतीचं.

लिहायला बसले ती दादामुळे. घाबरू नकोस, त्याच्याबद्दल वाईट काही ऐकलेलं नाही. आमच्या निवेदनाचं लचांड आहे. तुरुंगातून सुटणाऱ्यांसाठी सरकारने काय करावं, याचा मसुदा कधीपासून घोटतोय आम्ही. सुटण्याआधीच ओळखपत्र तयार हवं, चालू औषधं सोबत द्यावीत, डोकं टेकायला तात्पुरती जागा, पहिले काही महिने तगता येईल इतके पैसे, आणि काम मिळेपर्यंत पाठीशी राहणारा एक नेमलेला माणूस. परवा साहेबांनी बोलावलं. साहेब कोण माहितेय? आपल्या वर्गातला कंपासचोर! ओळख दाखवली नाही पठ्ठ्याने. मसुदा चाळला आणि म्हणाला, “सगळं वर पाठवतो. फक्त ‘गंभीर गुन्हे वगळून’ एवढं घाला.” मनात आलं, याचं पुनर्वसन तर पूर्णपणे सरकारी खर्चाने झालंय.

पण हसू तेवढंच. त्या तीन शब्दांनी अकरा वर्षं आत काढलेला दादा या मदतीतून वगळला जातो, शालू.

बाकीचे सही करायला तयार आहेत. आधी दार किलकिलं तर होऊ दे, मग बघू, म्हणतात. त्यांना मूर्ख म्हणता येत नाही, हीच अडचण. लहान गुन्ह्यातले लोकही थोडे भोगत नाहीत. अमेरिकेत मिलवॉकी शहरात डेव्हा पेजर नावाच्या संशोधिकेने सारख्याच पात्रतेची तरुण मुलं नोकऱ्या मागायला पाठवली होती. फरक इतकाच की काहींनी अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्याचं सांगायचं. तिचा निबंध २००३ साली छापून आला. शिक्षा न झालेल्या गोऱ्यांना ३४ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणं आलं, शिक्षा झालेल्यांना १७. काळ्यांमध्ये १४ आणि ५. म्हणजे काहीही न केलेल्या काळ्या मुलापेक्षा शिक्षा भोगून आलेला गोरा बरा ठरला! हे वाचून मी रात्रभर चरफडत होते.

तर लहान गुन्हेवाल्यांना मदत मिळू दे की. पण दोन महिने आत राहिलेल्याची खोली बहुधा अजून असते, आईवडील असतात, फोन चालतो. अकरा वर्षांनी येणाऱ्याचं काय उरतं, ते तुला मी सांगायचं? दादाच्या ओळखपत्रावर विकलेल्या घराचा पत्ता. नवा पत्ता नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून कुणी खोली देईना, खोली नाही म्हणून पत्ता नाही. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, “इतकी वर्षं कुठे होता?” तर हा सरळ म्हणाला, “आत.” त्या म्हणाल्या, “आत या मग, बाहेर का उभे?” तू हे सांगताना हसत होतीस आणि नाक पुसत होतीस.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१५ मध्ये मंजूर केलेल्या नेल्सन मंडेला नियमांत १०८ वा नियम आहे: सुटलेल्याला कागदपत्रं, राहायला घर, काम, ऋतुमानाप्रमाणे कपडे, मुक्कामी पोचायला आणि सुरुवातीचे दिवस काढायला पुरेसे पैसे. शाळेत एक कविता पाठ झाली नाही माझी, हे झालंय. ‘शक्य असेल तितपत’ अशी पळवाट त्यात आहेच, आणि ते कुणावर बंधनकारकही नाहीत. पण कुणी काय केलं होतं, त्यावरून त्यात प्रतवारी लावलेली नाही. कंपासचोराला हे सांगितलं तर म्हणाला, “लोक विचारतील, ज्यांचं नुकसान झालं त्यांचं काय?”

प्रश्न खोटा नाही. त्यांना भरपाई मिळायलाच हवी, त्यासाठी वेगळं भांडेन मी. पण दादा रस्त्यावर झोपला तर त्यांना काय मिळणार होतं? ठावठिकाणा असलेल्या माणसावर लक्ष तरी ठेवता येतं. आणि पहिले दिवस फार वाईट असतात गं. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा अभ्यास २००७ साली छापून आला: पहिल्या दोन आठवड्यांत मरण्याचा धोका राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२.७ पट! सगळ्यात जास्त नशेच्या अतिमात्रेने. आत सवय मोडलेली असते, बाहेर येऊन जुनंच प्रमाण घेतात. इंग्लंडमध्ये सुटताना हातावर ४६ पौंड ठेवायचे. १९९५ पासून २०२१ पर्यंत तो आकडा हलला नाही. बऱ्याच जणांना शुक्रवारी सोडायचे, म्हणजे शनिवार-रविवार सगळी कार्यालयं बंद. ते चुकवायला दोन दिवस आधी सोडता यावं म्हणून २०२३ मध्ये कायदा करावा लागला. वार बघायला कायदा!

हे सगळं संस्थांनी करावं, असंही एक जण म्हणाला. संस्था पांघरूण देईल, ओळखपत्र कुठून देणार? ज्याने कुलूप लावलं त्यानेच ही कामं करायची.

जिन्यात भांडलो तेव्हा तू म्हणाली होतीस, “तुला दादा दिसत नाही, मुद्दा दिसतो.” अजून टोचतं. बरोबर होतीस असं मी आजही म्हणणार नाही. पण म्हणूनच विचारतेय. माझा कल सही न करण्याकडे आहे. त्यात बाकीच्यांची मदत अडली, तर ते माझ्या माथी. करू का नको? दादाला विचार, पण वहिनीसमोर नको.

पिंकीचा निकाल लागला का? गळती थांबली? तुझ्या बदलीचं काय झालं, नीट लिही. मी तीन ओळींत उरकलं म्हणून तू उरकू नकोस.

सोमवारी मसुदा द्यायचाय. फोन करू नकोस, फोनवर आपण भांडतो.

तुझीच,
कुंदा