धारवाडला नाही, बेळगावातच

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, दुपार

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर हा विषय काढायला गेलं की आई "जेवलीस काय?" विचारते आणि बाबा फोन तिच्याकडे देऊन बाहेर जातात. म्हणून लिहितेय.

गेले तीन महिने दर शनिवारी सोसायटीतलं काम सुटलं की मी कॉम्प्युटरच्या क्लासला जाते असं तुम्हाला सांगत होते. क्लास-बिस काही नाही. एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जाते. आई, लगेच कपाळाला हात लावू नकोस. आपल्याकडे कुणी जरा तऱ्हेवाईक वागलं की "ह्याला धारवाडला नेऊन सोडा" म्हणतात, तसलं काही नाही. अगं, धारवाडच्या त्या मनोरुग्णालयात, डिमहान्समध्येसुद्धा कितीतरी लोक नुसते ओपीडीत दाखवून त्याच दिवशी घरी परततात. मी तर गावातल्या गावात जाते. दीड तास बसते, येताना भाजी घेते, घरी येऊन भाकरी थापते.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९. यमगर्णीजवळ हायवेवर वेदगंगेचं पाणी चढलेलं, आई शाळेतल्या पूरग्रस्तांच्या गंजी केंद्रात, आणि बाबा नि मी गोठ्यात.

तेव्हापासून पत्र्यावर पाऊस वाजला की मला जाग येते, हात गार पडतात. म्हैस हंबरली की मी दुसरी गल्ली धरते. बस पुलावर आली की डोळे मिटून घेते. पावसाळ्यात गावी न येण्याची माझी सगळी कारणं खोटी होती. मधे एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मान वर न करता झोपेच्या गोळ्या लिहिल्या आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणाले. जसं काही मी ते बाजारातून आणत होते.

ह्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, कन्नड की मराठी? दिवसभर काउंटरवर कन्नडच बोलते, म्हणून कन्नड म्हटलं. पण गोठ्यापर्यंत आले आणि दाव्याला कन्नडात काय म्हणतात ते काही केल्या आठवेना. तिथून पुढं सगळं मराठीत.

पहिले दोन-तीन शनिवार हे असं का होतं ते समजावण्यात आणि श्वास सावकाश सोडायला शिकण्यात गेले. मग डोळे मिटून ती रात्र सांगायची, आत्ता घडतेय अशी. "पाणी आलं होतं" नाही, "पाणी गुडघ्याला लागतंय". ते मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि रोज घरी ऐकायचं. भीती किती, ० ते १०० मध्ये आकडा सांगायचा. पहिल्यांदा मी ९५ म्हटलं. परवा ४० वर आले. झालेलं कशाला उकरायचं, असं मलाही वाटायचं. पण वखारीत तंबाखूची थप्पी नुसती रचून ठेवली तर आतून तापते, मधूनमधून उलथावी लागते, हे बाबांनीच मला लहानपणी दाखवलेलं.

बाबा, आता तुमच्याशी बोलते. दावं भिजून फुगलेलं. तुम्ही दातांनी गाठ सोडवत होता, मी बॅटरी धरून उभी. विळा माळ्यावर. मी तो आणायला हललेच नाही, म्हणून आपली चंद्री म्हैस गेली, हे मी इतकी वर्षं मनात धरून होते. आठव्या की नवव्या वेळी सांगताना मधेच तुमचा आवाज आला: "हलू नको! बॅटरी धर!" माळ्याची शिडी तर केव्हाच वाहून गेलेली. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, बाबा, पण तिथवर मी कधी पोचलेच नव्हते.

आणि मग तुम्ही आठवलात. पाऊस लागला की रात्री चारदा उठून दारातून बॅटरी मारता. नव्या घरी आल्यापासून म्हशीच्या दाव्याला गाठ मारत नाही, खुंटीला नुसता वेढा देता. ती सुटून शेजाऱ्याच्या कडब्यात तोंड घालते, मग भांडणं. आई म्हणते वय झालं. मला नाही तसं वाटत.

बाईंकडे यायचं तर मी घेऊन जाईन. कन्नड-मराठी दोन्ही चालतं. नसेल यायचं तर १४४१६ वर फोन करा. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलिमानस नंबर आहे, २०२२ पासून सुरू, रात्री-बेरात्री कधीही, पैसे पडत नाहीत. आई, कॅलेंडरच्या मागं लिहून ठेव. आणि चिंचलीच्या मायाक्काला बोललेला नवस खुशाल फेड, बाई त्याला नको म्हणत नाहीत.

माझा पुढचा अभ्यास म्हणजे जुन्या गोठ्यात जाऊन उभं राहायचं, भीती उतरेपर्यंत. येत्या रविवारी पहिल्या गाडीनं येते. पुलावर डोळे उघडे ठेवणार आहे. बाबा, गोठ्याची किल्ली तुमच्याकडंच आहे ना? आत अंधार असेल. ह्या वेळी बॅटरी तुम्ही धरा.

तुमची
थोरली