बाळाचे डॉक्टर आत्ताच बघून ठेव

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस "आधी बाळ तर होऊ दे गं, मग बघू डॉक्टरचं", तुझ्याकडे पाहुणे होते म्हणून मी काही बोलले नाही पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून सविस्तर लिहितेय. अगं आत्ताच बघ. नंतर झोप नसते, टाके दुखत असतात, घरात प्रत्येकाचा वेगळा सल्ला, आणि मग जो डॉक्टर पहिला सापडेल त्याच्याकडे जाणं होतं.

तुझं तर दोन गावांचं आहे. बाळंतपण नाशिकला माहेरी आणि तीन महिन्यांनी पुण्याला वाकडमधे, म्हणजे डॉक्टरही दोन लागणार. माझ्या मते त्यातला नाशिकचा जास्त महत्त्वाचा, कारण खरी धाकधूक पहिल्या महिन्यात असते. आधी तुझ्या गायनॅकला विचार की डिलिव्हरीच्या वेळी बाळाला कोण बघणार. छोट्या मॅटर्निटी होममधे बाळाचे डॉक्टर बाहेरून बोलावतात, तर ते सिझेरियनला हजर असतात की नंतर येतात, मध्यरात्री बोलावलं तर किती वेळात पोचतात, आणि बाळाला काचेत ठेवायची वेळ आलीच तर एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, तिथेच आहे की दुसरीकडे न्यायचं. हे विचारताना अजिबात संकोच करू नकोस, चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

डिग्रीचं म्हणशील तर एमबीबीएसच्या पुढे एमडी पेडियाट्रिक्स, डीएनबी पेडियाट्रिक्स किंवा डीसीएच (बालआरोग्याचा डिप्लोमा) असलं पाहिजे, नुसतं बोर्डावर बालरोगतज्ज्ञ वाचून जाऊ नकोस. प्रिस्क्रिप्शनवर रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तपासता येतो. तेवढं झालं की मग मोठ्या नावाच्या मागे धावायची गरज नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन तास वेटिंग आणि आत तीन मिनिटं, असं नाव काय कामाचं? घराजवळचा आणि नीट ऐकून घेणारा डॉक्टर हवा, मी तर हेच धरून बसलेय.

आम्ही आधी एका क्लिनिकमधे गेलो होतो, आमची ओवी जेमतेम आठवड्याची होती आणि वजन जन्मापेक्षा कमी भरलं होतं. दूध कसं पितेय, शू किती वेळा करतेय, काही न विचारता सरळ डब्याचं दूध लिहून दिलं, आणि भिंतीवर त्याच कंपनीचं पोस्टर. मनू, 1992 च्या कायद्याने दवाखान्यात अशी जाहिरात लावायला बंदी आहे. ज्या बाळाला खरंच लागतं त्याला वरचं दूध द्यावंच, त्यात काही वाईट नाही, पण आईला एक प्रश्नही न विचारता? आम्ही तिथून उठलो ते परत गेलो नाही.

आत्ताच्या आमच्या डॉक्टरबाई मैत्रिणीच्या वहिनीने सांगितल्या. त्यांनी ओवीचे सगळे कपडे आणि लंगोट काढून वजन केलं, मग म्हणाल्या "इथेच पाजा, मला बघू दे". खुर्ची ओढून शेजारी बसल्या. ओवीच्या तोंडात फक्त टोक जात होतं, त्यांनी मला तिची हनुवटी माझ्या छातीला टेकवायला लावली, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला सांगितलं, आणि मग काळा भाग बराचसा आत गेला तसा घोट गिळल्याचा आवाज यायला लागला. "हा आवाज ऐका, हा आला की दूध पोटात चाललंय." पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं हे त्यांनी चार्टवर ठिपका काढून दाखवलं, आणि पुढच्या वजनाला आला पण तो ठिपका वर!

सासूबाईंशी बोलायची त्यांची पद्धत तर मला फारच आवडली. "आजी, मालिश छान करताय, करा, फक्त नाका-कानात तेल नको आणि वर्षाची होईपर्यंत मध चाटवू नका." घरी आल्यावर मधाची बाटली सासूबाईंनी स्वतःच वर ठेवली. तुझ्या आईलाही बरोबर घेऊन जा, आईशी कसं बोलतात त्यावरून खूप कळतं.

लसींचं पण आधीच विचार. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या पेंटा, रोटा, पोलिओ, न्यूमोकोकलच्या लसी सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि चांगल्या असतात, हे जो डॉक्टर स्वतःहून सांगतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो. खासगीत मिळते ती पेनलेसवाली, म्हणजे कमी दुखणारी, घेतलीस तर ताप कमी येतो पण पैसे बरेच जातात, ते तुमचं तुम्ही ठरवा. कार्ड मात्र जपून ठेव, अडीच महिन्यांची नाशिकला आणि साडेतीनची वाकडला असं होणारे तुझं.

आणि साध्या सर्दीला दर वेळी अँटिबायोटिक आणि खोकल्याचं सिरप लिहिणारा असेल तर सोड. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दीखोकल्याची औषधं देऊ नयेत असं केंद्राच्या आरोग्य खात्याने ऑक्टोबर 2025 मधे स्पष्ट सांगितलंय.

रात्री फोन उचलतात का, नसतील तर त्यांच्याऐवजी कोण, हे तोंडावर विचारून घे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप आला, पहिल्याच दिवशी पिवळं दिसायला लागलं, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा बाळ दूधच ओढेना, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून वाट बघत बसायचं नाही, उचलून घेऊन जायचं. काविळीला कोवळं ऊन दाखवा म्हणतील सगळे, पण तपासणी आधी.

वाकडला माझी आतेबहीण राहते, तिच्या सोसायटीत लहान मुलं भरपूर आहेत, तिथलं मी विचारून ठेवते. तू नाशिकची नावं मला पाठव, आणि या शनिवारी आईला घेऊन एकाकडे तरी जाऊन ये. गायनॅक काय म्हणाल्या ते कळव लगेच, मी वाट बघतेय. काकूंना नमस्कार.

तुझीच,
शमा