वेगनर आणि आमच्या सोसायटीची बोअर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला खंडवहनावरचा, म्हणजे खंड सरकतात असं सांगणाऱ्या आल्फ्रेड वेगनरवरचा लेख वाचला. चित्रं छान होती. पण त्या लेखाच्या आधारावर आमच्या सोसायटीचे बोअरचे पैसे पाण्यात गेले (पाण्यातही गेले नाहीत, तेच तर दुखणं), म्हणून हे पत्र.

इंदिरानगरात राहतो. उन्हाळा लागला की टँकर ठरलेला. यंदा कमिटीनं पाणाड्या बोलावला. तळहातावर नारळ आडवा धरून तो पार्किंगमधून फिरला आणि कंपाउंडच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. मी 31 वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे तोंड गप्प बसेना. म्हटलं, आधी एखाद्या भूजल जाणकाराला दाखवू. तर खजिनदार आपला अंकच घेऊन उभे राहिले. "सर, वेगनरलाही सगळे हसलेच होते की! पेपरात आलंय." झालं, टाळ्या पडल्या. बोअर 280 फूट गेली. आधी मुरूम, मग थोडा मांजऱ्या (ठिसूळ खडक), मग नुसता काळा पाषाण. गाड्यांवर बोटभर धुरळा बसला, पाण्याचा थेंब नाही.

आपल्या लेखात चूक काही नव्हती. गोष्ट तेवढी अर्धी होती. एकटा शहाणा, बाकीचे हटवादी म्हातारे, 50 वर्षांनी शहाणा खरा ठरला. खरं सांगायचं तर मीही वर्गात ती अशीच सांगत आलो, कारण पोरांना ती आवडते.

आल्फ्रेड वेगनर हा मुळात हवामानशास्त्रज्ञ. भूगोलवाल्यांना हवामानाच्या वर्गीकरणामुळे ठाऊक असलेल्या केप्पेनचा जावई. 6 जानेवारी 1912 ला फ्रँकफुर्टला त्यानं खंड सरकतात हे मांडलं, 1915 मध्ये पुस्तक काढलं. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे जुळतात हे त्याच्या आधीही अनेकांनी पाहिलं होतं. वेगनरचं म्हणणं त्यापुढचं होतं, आणि त्यासाठी त्यानं दाखला दिला तो वर्तमानपत्राचाच. फाटलेल्या कागदाच्या कडा जुळवायच्या आणि मग छापलेल्या ओळी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सलग जातात का ते बघायचं. ओळी म्हणजे खडकांचे थर, जीवाश्म, जुन्या हिमनद्यांच्या खुणा. ओळी जुळत होत्या.

तोवर चलती होती आकुंचनाच्या सिद्धांताची. पृथ्वी थंड होत आक्रसते आणि पर्वत म्हणजे तिच्या सुरकुत्या. आमच्या गुरुजींनी हे पिंपळगावचा बेदाणा हातावर ठेवून समजावलं होतं, तेही साठच्या दशकात! तोवर बाहेर तो सिद्धांत मोडीत निघत होता, पण वर्गात बेदाणा सुखरूप होता.

आता हसणाऱ्यांकडे या. त्यांचा प्रश्न साधा होता: एवढे खंड ढकलतो कोण? वेगनरनं उत्तर दिलं ते पृथ्वीच्या फिरण्यातून येणाऱ्या आणि भरती-ओहोटीच्या बलाचं. केंब्रिजच्या हॅरॉल्ड जेफ्रीजनं हिशेब करून दाखवलं की ही बलं त्या कामाला कितीतरी पटींनी अपुरी आहेत. तो हिशेब बरोबर होता, आजही बरोबर आहे. शिवाय ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतं असं वेगनर जुन्या मोजमापांवरून सांगत होता. प्रत्यक्षात सरकणं आहे ते काही सेंटीमीटरचं. 1926 मध्ये न्यूयॉर्कला यावर मोठी चर्चा झाली, तिथं बहुतेक अमेरिकन भूवैज्ञानिक विरोधात गेले. काहींचा सूर उर्मट होता, मान्य. पण आक्षेपांत दम होता. वेगनर नोव्हेंबर 1930 मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर, पन्नाशी नुकतीच गाठून गेला. ढकलतो कोण याचं उत्तर त्याच्या हाती लागलं नव्हतं. त्या उत्तराच्या जवळ ब्रिटिश भूवैज्ञानिक आर्थर होम्स आला होता. पृथ्वीच्या पोटातली उष्णता पातेल्यातल्या आमटीसारखी उसळते आणि वरचे खंड वाहून नेते, हे तो 1928 पासून सांगत होता. पण तेव्हा त्यालाही पुरावा नव्हता.

आणि सगळेच हसत नव्हते. दक्षिण आफ्रिकेचा भूवैज्ञानिक ॲलेक्स द्यू त्वा 1923 मध्ये ब्राझील-अर्जेंटिना पायाखाली घालून आला आणि वेगनरच्या बाजूनं ठामपणे उभा राहिला. दक्षिणेकडच्यांना पुरावा घराजवळच दिसत होता. आपल्याकडेही. गोंडवन हे नावच आपल्या गोंडांच्या मुलखाचं, भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूसनं ते पुढे दक्षिणेकडच्या अख्ख्या प्राचीन खंडाला दिलं. चंद्रपूरजवळ इरईला हिमनदीनं घासलेल्या खडकाची नोंद 1870च्या दशकातली आहे. चंद्रपूरला हिमनदी! मे महिन्यात तिथं उभं राहून यावर विश्वास ठेवून दाखवावा. विदर्भातल्या कोळशाबरोबर ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना 1912 मध्ये स्कॉट आणि त्याचे सोबती मेले, तेव्हा त्यांच्यापाशी सुमारे 16 किलो दगड होते. त्यांतही तीच पानं निघाली.

पण माझी खरी तक्रार पुढे आहे. दोन पानांच्या लेखात अटलांटिकचा तळ आला, मेरी थार्पनं 1952 मध्ये नकाशावर दाखवलेली मधली भेग आली, समुद्रतळ पसरतो हे दाखवणारे व्हाइन आणि मॅथ्यूज यांचे 1963 मधले चुंबकीय पट्टेही आले. आपण ज्यावर उभे आहोत तो दगड, म्हणजे थिजलेला लाव्हा, मात्र आला नाही. लाव्हा थिजताना त्यातले मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. त्या दिशेचा झुकाव विषुववृत्तावर आडवा आणि ध्रुवाकडे उभा होत जातो, म्हणून खडक कोणत्या अक्षांशावर थिजला ते त्यावरून काढता येतं. नमुना फोडून काढण्याआधी खडकावर उत्तरेची खूण करावी लागते, नाहीतर तो नुसता धोंडा. 1956 मध्ये लंडनच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतातल्या खडकांवरचं असं काम प्रसिद्ध केलं. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे त्यांच्यासोबत दख्खनच्या काळ्या पाषाणावर काम करत होते. निष्कर्ष असा की हा खडक दक्षिण गोलार्धात, साधारण 30 अंशांच्या आसपास थिजला. पांडवलेणी ज्यात कोरली तो, ब्रह्मगिरीच्या पायऱ्या ज्याच्या आहेत तो. आज आपण 20 अंश उत्तरेला आहोत. सुमारे 6.6 कोटी वर्षांत साडेपाच हजार किलोमीटर. हे सगळं व्हाइन-मॅथ्यूज यांच्या आधीचं. तेव्हाही शंका घेतल्याच गेल्या, आणि खडकातली चुंबकीय दिशा मधल्या काळात बदलली नसेल कशावरून, हा प्रश्न रास्तच होता. त्यावर त्यांनी पुन्हा मोजलं, वेगळ्या ठिकाणचे थर तपासले.

आमच्या खजिनदारांना मी एवढंच विचारलं की वेगनरनं पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांत आक्षेपांना उत्तरं दिली, पुरावे वाढवले. आपल्या पाणाड्यानं याआधीच्या किती बोअर कोरड्या गेल्या याची वही ठेवली आहे का? ते म्हणाले, "सर, तुम्ही फार किस पाडता." दुसऱ्या बोअरसाठी वर्गणी काढायचं घाटतंय. या वेळी नारळाऐवजी लिंबाची काठी आहे म्हणे.

पार्किंगच्या कोपऱ्यात तो राखाडी धुरळा अजून पडून आहे. परवा नातीनं फ्रिजवरचं चुंबक कागदात गुंडाळून त्यात फिरवलं, तर कागदाला काळी बारीक दाढी फुटली. ती तिनं डबीत भरून ठेवली आहे. डबीवर तिनं लिहिलंय, "280 फूट".

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
इंदिरानगर, नाशिक