लिव्हर ओपीडीतल्या ट्रायल कोऑर्डिनेटर ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या तुमच्या ओपीडीत रोज इतके पेशंट येतात की आम्ही लक्षात असू असं नाही. माझ्या धाकट्या भावाला क्रॉनिक हेपॅटायटिस बी (विषाणूमुळे होणारा लिव्हरचा दीर्घकाळचा आजार) आहे, टेनोफोविर ही विषाणू दाबणारी गोळी चालू आहे. रिपोर्टमध्ये व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, 'नॉट डिटेक्टेड' आला तेव्हा आईने विचारलं, मग आता गोळी कशाला? तुम्ही केसपेपर उलटा केलात, मागे लिव्हरच्या एका पेशीचं चित्र काढलंत, तिच्या केंद्रकात एक बारीक गोल. विषाणूच्या डीएनएची ही मूळ प्रत. गोळी नव्या प्रती निघू देत नाही, पण या गोलापर्यंत तिचा हात पोचत नाही. म्हणून मनानेच गोळी बंद केली तर आजार उसळतो, कधी जिवावरही बेततं. आईला ते पटलं. डॉक्टरांनीही सांगितलं होतंच, पण चित्र तुम्ही काढलंत.

भावाला घाई होती. लग्नाचं बघतोय, त्याआधी नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये जाऊन एकदाचं 'निगेटिव्ह' व्हायचं होतं. तुम्ही त्याला खोटी आशा लावली नाहीत. ट्रायलच्या पहिल्या फेजमध्ये, म्हणजे टप्प्यात, मोजक्या लोकांवर औषध सुरक्षित आहे का आणि डोस किती हे बघतात, बरं होण्याची हमी तिथे कोणी देत नाही, हे स्पष्ट सांगितलंत. मग बेपिरोव्हिर्सेन या हेपॅटायटिस बीवरच्या नव्या औषधाचं उदाहरण दिलंत: 24 आठवडे दर आठवड्याला इंजेक्शन, आणि 2022 मध्ये आलेल्या दुसऱ्या फेजच्या निकालात शंभरात नऊ-दहा जणांच्या रक्तात औषध थांबल्यावर पुढचे 24 आठवडे ना अँटिजेन (विषाणूचं प्रथिन) सापडलं, ना विषाणूचा डीएनए.

"एवढेच?" भाऊ म्हणाला.

"एवढेच. पण नुसत्या गोळ्यांवर वर्षानुवर्षं राहूनही हे क्वचितच होतं," तुम्ही म्हणालात.

त्या नऊ-दहा जणांबद्दल तो आता घरी सगळ्यांना सांगतो. आणि होणाऱ्या बायकोने तपासणी करून लस घेतली की काळजी नाही, ताट-वाटी वेगळी ठेवायची काहीच गरज नाही, हे तुम्ही आईसमोर सांगितलंत, त्याचे उपकार तर मी विसरणार नाही.

मनापासून आभार, ताई. पुढे त्याला चालेल अशी ट्रायल निघालीच, तर त्याचं नाव तुमच्याकडे असू द्या. तुम्ही बजावल्याप्रमाणे संमतीपत्र घरी आणून, सगळ्यांनी वाचून, प्रश्न लिहून काढूनच तो सही करेल.

तुमच्या एका पेशंटची मोठी बहीण