सुहासला, ससा घरी येण्याआधी

इंदूर, ६ जानेवारी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आश्रयगृहातली ती पांढऱ्या सशाची मादी मीराच्या मनात भरली आहे आणि पुढच्या आठवड्यात तिला आणायचं तुमचं ठरतंय. जरूर आणा, फक्त पुढच्या आठवड्यात नको. १४ला उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, १५ला दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण. ते दोन दिवस तुमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या प्रत्येक गच्चीवर स्पीकर लागणार. नव्या जागी आलेला ससा तेवढ्या आवाजानं खाणं सोडतो. शिवाय मांज्याचे तुकडे आठवडाभर गॅलरीत, अंगणात सापडत राहतात, आणि ससा दिसेल ते कुरतडतो. गच्ची-गॅलरी झाडून घ्या आणि २० तारखेनंतर आणा. फेब्रुवारीच्या पुढे मात्र ढकलू नकोस. उन्हाळ्याआधी तिला घर सवयीचं व्हायला हवं.

आश्रयगृहात गेलास की आधी तिला उचलू नकोस, जमिनीवर मोकळी सोडायला सांग आणि नुसतं बघ. मान एका बाजूला कललेली आहे का? मागचा पाय ओढते का? मग नाक पाहा. नाक ओलं आणि पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले असतील, तर ती पंजानं शेंबूड पुसते आहे, म्हणजे श्वसनाचा आजार आहे. कानात आतून खपल्यांचे थर असतील तर खरजेचे किडे. हे बरं होतं, म्हणून तेवढ्यासाठी नाही म्हणू नकोस. वरचे पुढचे दात खालच्यांच्या किंचित पुढे बसायला हवेत. सशाचे दात जन्मभर वाढतात. ते नीट जुळत नसतील तर दर काही आठवड्यांनी डॉक्टरकडे जावं लागेल, ते आधीच कबूल करून घे. तळपायाचे केस झडून कातडी लाल झाली असेल तर ती जाळीच्या पिंजऱ्यात राहिलेली आहे. तुमच्याकडे जाळीचा तळ अजिबात नको. गुळगुळीत लादीही नको, तिच्यावर पाय फाकतात. जुनी सतरंजी किंवा गोधडी अंथर. जागा निदान १० फूट बाय ६ फूट मोकळी असू दे, आणि वायरी सगळ्या उचलून घे.

ती सध्या काय खाते ते विचार आणि तेच चार-पाच दिवसांचं मागून आण. नवं खाणं सात ते दहा दिवसांत हळूहळू मिसळायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आजारी ससा ओरडत नाही, कण्हत नाही, कोपऱ्यात गप्प बसतो. त्याची तब्येत कळते ती लेंड्यांवरून. रोज सकाळी गोळा करून बघ: हरभऱ्याएवढ्या, गोल, सुक्या हव्यात, आणि बोटांनी फोडलीस तर आत गवताचा भुसाच दिसायला हवा. लहान, वेड्यावाकड्या किंवा केसांनी माळेसारख्या ओवलेल्या दिसल्या तर आतडं मंदावलंय. आणखी एक प्रकार दिसेल, तुतीच्या घोसासारखा, मऊ, चकचकीत. तो ती स्वतःच्या बुडाशी तोंड नेऊन थेट खाते. मीराला किळस येईल, पण तिला हाकलू देऊ नकोस. त्यातून सशाला जीवनसत्त्वं मिळतात. ते मऊ घोस खाली तसेच पडून राहू लागले, तर गोळी खाद्य जास्त आणि गवत कमी होतंय असं समज.

सशाचं आतडं चालतं ते गवताच्या धाग्यावर. धागा कमी पडला की हालचाल थांबते, वायू धरतो, दुखतं, दुखतं म्हणून ती खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं. बारा तास तोंडात काही गेलं नाही तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहायची नाही, डॉक्टर गाठायचा. म्हणून डॉक्टर आधी शोध. आणंदचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून तासाभरावर आहे, तिथे चौकशी कर. जो डॉक्टर ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवायला सांगेल, त्याच्याकडे जाऊ नकोस. सशाला उलटी होतच नाही, उपास कशाला? तोंडावाटे अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक दिलं तर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवरचं फिप्रोनिलही तसंच घातक. हे दोन शब्द काकूंच्या कॅलेंडरवर लिहून ठेव.

गवत म्हणजे सुकं गवत, दिवसाला तिच्या अंगाएवढा भारा, आणि तो कधी संपता कामा नये. वास घेऊन घे. कुबट वास आला, बुरशीची पांढरी पूड उडाली तर परत कर. तुमच्याकडे गाईंसाठी रजको सहज मिळतो, म्हणजे आपली लसूणघास. तो सहा महिन्यांखालच्या पिलाला चालतो, मोठ्या सशाला रोज नको. त्यात कॅल्शियम फार, आणि सशाच्या शरीरात जादा कॅल्शियम लघवीवाटेच जातं, त्याचा गाळ मूत्राशयात साचतो. गोळी खाद्य दिवसाला तिच्या वजनाच्या किलोमागे २० ते २५ ग्रॅम, बस. खंडेराव मार्केटातून कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा पाला आण. गणपतीच्या दूर्वांची जुडीही धुऊन दे, आवडीनं खाईल. गाजर मात्र बोटाच्या पेराएवढं, गोड म्हणून, कधीमधी. पोळी, बिस्कीट, हरभरे, कांदा, लसूण, बटाटा काही नाही. काकू प्रेमानं पोळीचा तुकडा टाकतील, त्यांना तू समजावून सांग.

नसबंदी झाली नसेल तर करून घे. वय वाढलेल्या मादीत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो, आणि नीट राखला तर ससा आठ-दहा वर्षं जगतो. जोडीला नर आणायचा विचार असेल तर त्याची नसबंदी झाल्यावरही सहा आठवडे दोघांना वेगळं ठेव, तेवढे दिवस त्याच्यापासून पिलं होऊ शकतात.

बडोद्याचा मे तिच्या जिवावर बेतू शकतो. सशाला घाम येत नाही, उष्णता बाहेर जाते ती कानांतून. तिशीच्या वर पारा गेला की तिला तळमजल्यावरच्या मधल्या खोलीत ठेव, माळवदाखाली नको. बर्फ झालेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेव, कान ओल्या हातानं पूस. ती तोंड उघडून धापा टाकू लागली तर थंड पाण्यात बुडवू नकोस, धक्का बसतो. कान ओले करत सरळ डॉक्टरकडे ने. पावसाळ्यात दिवसातून दोनदा बूड तपास. ओल्या, मळलेल्या केसांत माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या मांसात शिरतात.

मीराला सांग, पहिले चार दिवस उचलायचं नाही, जमिनीवर शेजारी पुस्तक घेऊन बसायचं, ती आपणहून येईल. पुढे उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली घट्ट. पाय लोंबकळले की ती जोरात लाथ मारते आणि स्वतःचाच मणका मोडून घेते. कानाला धरून तर कधीच नाही.

मधल्या खोलीचं माप आणि आणंदला काय सांगतात ते कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
विनायक