डायरी गाडीत राहिली
प्रिय सोन्या,

पोचलो रे सुखरूप, पण जेट लॅग काही जात नाही, रात्री दोनला टक्क जागी असते आणि बाबा घोरतायत. आधी एक काम सांगते, माझी निळी डायरी तुझ्या गाडीत राहिलीय, मागच्या सीटखाली बघ. सगळं त्यात लिहिलंय, आता हे आठवून लिहितेय.

तू हौसेने सॅन जॅसिंटोचं मैदान दाखवलंस, टेक्ससवाल्यांनी मेक्सिकोला हरवलं ते, २१ एप्रिल १८३६, अठरा मिनिटांत लढाई संपली वगैरे. छान आहे, स्मारकही केवढं उंच! पण माझं मन त्या आधीच्या दीड महिन्यातच अडकलंय. टेक्सस तेव्हा मेक्सिकोचाच भाग. बंडखोरांचा तो आलामोचा किल्ला पडला ६ मार्चला, आणि मेक्सिकोच्या सँता आनाची फौज येतेय म्हटल्यावर अमेरिकेतून आलेल्यांच्या सगळ्या वसाहती घरं टाकून पूर्वेला पळत सुटल्या, बाप्ये बरेचसे सैन्यात, म्हणजे बायकाच, कडेवर पोरं, बैलगाड्या, वरून पाऊस आणि गुडघाभर चिखल. सॅन फेलिपे हे गाव तर त्यांच्याच लोकांनी जाळलं, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. तेव्हा तिकडे म्हणे एक म्हण होती, टेक्सस म्हणजे पुरुषांना आणि कुत्र्यांना स्वर्ग, बायकांना आणि बैलांना नरक. मी बाबांना वाचून दाखवली, ते नुसते हं म्हणाले.

त्या विल्यम ग्रेची डायरी मला फार आवडली. व्हर्जिनियाचा वकील, आला होता जमिनीचे व्यवहार बघायला आणि अडकला क्रांतीत. ब्राझोस नदीकाठचं वॉशिंग्टन म्हणजे काय तर डझनभर भिकार झोपड्या आणि एकच रस्ता, त्यातही झाडांचे बुंधे तसेच उभे, असं लिहितो. तिथेच २ मार्चला टेक्ससने स्वातंत्र्य जाहीर केलं तेव्हा हाड गोठवणारं उत्तरेचं वारं सुटलेलं, आणि सभेच्या त्या अर्धवट इमारतीच्या खिडक्यांना काचा नाहीत, नुसतं सुती कापड ताणलेलं! इतिहासाच्या पुस्तकात हे कोणी लिहीत नाही बघ.

आणि एक तू मला नीट सांगितलं नव्हतंस. मेक्सिकोने ६ एप्रिल १८३० च्या कायद्याने अमेरिकेतून येणाऱ्यांना बंदीच केली होती, तरी लोक बिनधास्त येतच राहिले. तुझी ती ग्रीन कार्डाची रांग आठवली आणि मला हसूच आलं. का नाही येणार, गुरं पाळणाऱ्या कुटुंबाला ४,४२८ एकर जमीन मिळायची! आपले सव्वादोन एकर त्यात कुठे शोधायचे. सँता आनाने मेक्सिकोची १८२४ ची घटना गुंडाळली हा टेक्ससवाल्यांचा राग खरा असेलही, पण मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामी बंद केली आणि टेक्ससने सवलत मागून घेतली, मग स्वतःच्या १८३६ च्या घटनेत तर ती पक्कीच करून टाकली. स्वातंत्र्य म्हणताना मला तिथे जरा अडखळायलाच होतं.

तुम्ही दर रविवारी मंदिरात जाता ते स्टॅफर्ड ना, तिथेच जवळ डिलू रोझ नावाची मुलगी राहायची, त्या पळापळीच्या वेळी दहा वर्षांची. म्हातारपणी तिने आठवणी लिहिल्या, वडिलांच्या रोजनिशीचा आधार घेऊन. सॅन जॅसिंटोच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर, आपण फुकटात गाडीसकट पलीकडे गेलो ना तिथे, तीन दिवस थांबले होते ते, एवढी गर्दी. पुढे लिबर्टी गावाला तिची धाकटी बहीण वारली. तिथेच पुरलं तिला. एप्रिलच्या त्या दिवशी लांबून गडगडाट ऐकू आला तर वाटलं ढग आहेत, वडील म्हणाले तोफा आहेत. जिंकले, परत घरी आले, तर घरातून डुकरं बाहेर पळाली. वडिलांचं पुस्तकांचं कपाट फोडलेलं, पुस्तकं, औषधं अंगणात विखुरलेली, आणि डुकरं त्या पुस्तकांवर झोपलेली.

तर माझी डायरी काढ जरा सीटखालून, तिथे तुझे ते चिप्सचे चुरे असतात. आधी पानांचे फोटो पाठव, वही कोणी येणार असेल त्याच्याबरोबर पाठवलीस तरी चालेल, घाई नाही. आणि डिंकाचे लाडू पाहुण्यांना वाटून टाकू नकोस, तुझ्यासाठी आहेत ते.

तुझी आई